अरमनी आणि मनी

आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यांचा मुलगा दोन वर्षांपासून एडिंबरोला शिकायला आहे. दर रविवारी तो बस पकडून शहराभोवतीचा एखादा जुना किल्ला नाहीतर 'टॉवर हाउस' बघायला जातो आणि फोटो वडिलांच्या मोबाइलवर पाठवतो. सोमवारी ते फोटो आम्हा सगळ्यांना बघावे लागतात! पण खोटे कशाला बोलू, बघता बघता मलाही त्यांची गोडी लागली. ही टॉवर हाउसेस म्हणजे जाड भिंतींची, उंच, चौकोनी दगडी घरे. खाली कोठार, त्याच्यावर बैठकीचे दालन, त्याच्याही वर झोपायच्या खोल्या. शेजारच्या जहागीरदाराने रात्री धाड घातलीच तर दार लावून आत सुखरूप बसता यावे, एवढाच बेत. किल्ला कमी आणि घर जास्त. शहराला अगदी लागून असलेल्या क्रेगमिलर नावाच्या अशाच एका किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी १५६६ मध्ये राहून गेली होती. आज त्याची पडझड झाली आहे, पण निगा अशी की तिकीट काढून लोक जिने चढतात.

सहकारी म्हणाले, "सर, आपल्याकडचे किल्ले सगळे डोंगरावर. घर म्हणावेत असे किल्ले, आणि तेही एकाच शहराभोवती, आपल्याकडे कुठे आहेत?"

मी म्हटले, "इंदूरला."

इंदूर म्हटले की मंडळींना आठवतात पोहे-जिलेबी, सराफ्यातले रात्रीचे खाणे आणि २०१७ पासून वर्षानुवर्षे मिळालेला स्वच्छतेतला पहिला नंबर. थोडी वाचनाची आवड असलेल्यांना हेही आठवेल, की २००० साली मराठी साहित्य संमेलन आपल्या बेळगावला झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, ते इंदूरला गेले. एक सीमेवरचे गाव, दुसरे तर सीमेच्या कितीतरी पलीकडचे. घरात एक भाषा आणि दारात दुसरी, हा संसार आपल्याइतकाच इंदूरकरांनाही ठाऊक आहे. माझी सख्खी मावशी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो. मी, सौ., आमची लेक, आणि सौ.च्या आई. सौ.चे माहेर कित्तूरजवळचे. सासूबाईंना मी अत्तीच म्हणतो. त्यांना मराठी कळते सगळे, पण बोलायची वेळ आली की कानडीच.

पहिल्या दिवशी अर्थातच राजवाडा. होळकरांचा हा वाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. भरगच्च बाजाराच्या मधोमध उभे राहून वर पाहिले की मान दुखते. दार मात्र अगदी आपल्या ओळखीचे. लोखंडी खिळे ठोकलेले अजस्र लाकडी दार, आत देवडी, मग चौक. पुणे-सातारा भागातला एखादा वाडा उचलून माळव्यात नेला आणि वर मजल्यावर मजले चढवले, असे वाटते. चौकाच्या पलीकडे मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. होळकरांचे कुलदैवत खंडोबा. अत्तींनी चपला काढल्या, हात जोडले आणि लेकीला सांगितले, "नम्म मैलारप्पा." इंदूरला येऊन त्यांना घरचा देव भेटला. त्यानंतर प्रवासाबद्दलची त्यांची कुरकुर बरीच कमी झाली.

हा वाडा तीनदा जळला, १८०१, १९०८ आणि १९८४ मध्ये. शेवटची आग इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीतली. पहिल्या आगीची गोष्ट मात्र आपल्या भागातल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले, जाळले, तेव्हा तिचे नेतृत्व सर्जेराव घाटग्यांकडे होते. दौलतराव शिंद्यांचे सासरे, बायजाबाईंचे वडील आणि गाव कागल. निपाणीहून एस.टी.ने अर्ध्या तासात पोचाल ते कागल! आपल्याकडची माणसे तिकडे वाडे बांधायला गेली, तशी जाळायलाही गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे शिंदे-होळकरांचे वैर म्हणून दोन ओळींत येते. चौकात उभे राहून काळवंडलेले दगड बघताना ते जरा वेगळे वाटते.

१९८४ नंतर मागचा भाग वीसेक वर्षे नव्हताच. २००६-०७ च्या सुमारास होळकर घराण्यातल्या उषादेवींच्या पुढाकाराने तो जुन्याच पद्धतीने, वीट, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा उभा राहिला. काम चोख आहे. मे २०२५ मध्ये, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठकही इथे झाली. म्हणजे एक दिवस का होईना, वाड्यात पुन्हा दरबार भरला. एरवी रात्री बाहेरून रोषणाई असते, आत चूल नाही.

लालबाग महाल मी दोन वाक्यांत उरकतो. १८८६ ते १९२१ एवढा काळ तो बांधत होते, त्याची फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर विलायतेत ओतून आणली, आणि आत शिरल्यावर आपण माळव्यात आहोत हे विसरायला होते. ज्यांना झुंबरे आवडतात त्यांनी जरूर जावे.

आम्ही तिसऱ्या दिवशी महेश्वरला निघालो. हायवेने गेले तर लवकर होते, पण मावशीने बजावले होते की महूवरून जा आणि जाम दरवाजा बघा. विंध्याची धार जिथे संपते आणि खाली निमाडचे मैदान सुरू होते, तिथे अगदी कड्यावर ही दगडी वेस उभी आहे. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेली. आजूबाजूला गाव नाही, तट नाही, नुसते दार! वर पहारेकऱ्यांच्या खोल्या. मला वाटते स्कॉटलंडच्या त्या टॉवर हाउसच्या सगळ्यांत जवळचे जर इकडे काही असेल, तर हेच. चार माणसांनी राहावे आणि घाटाची वाट राखावी.

महेश्वरचा किल्ला नर्मदेच्या काठावर आहे. नदीतून पाहिले तर भव्य. रुंद घाट, वर कोरीव मंदिरे, त्याच्याही वर तट आणि बुरूज. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, त्यानंतर अहिल्याबाईंनी कारभार इथे आणला आणि १७९५ मध्ये त्या गेल्या तोवर इथूनच चालवला. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये ज्यांनी पुन्हा उभे केले, ज्यांचे घाट आणि धर्मशाळा देशभर आहेत, त्या बाईंचा राजवाडा कसा असेल, अशी लेकीने वाटेत बरीच चित्रे रंगवली होती. ती काहीशी हिरमुसलीच. कारण वर गेल्यावर दिसते ते एक साधे लाकडी खांबांचे घर. ओसरी, चौक, सारवल्यासारखी स्वच्छ जमीन, आणि पांढरी गादी-लोड मांडलेली बैठक. हीच गादी. सिंहासन वगैरे नाही.

अत्ती ओसरीच्या पायरीवर टेकल्या. इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इदु अरमनी अल्ल. मनी ऐती."

हा राजवाडा नव्हे, घर आहे. मराठी-कानडी दोन्ही जाणणाऱ्या वाचकांना यातली गंमत उलगडून सांगायला नको, तरी मास्तरकीची सवय जात नाही म्हणून सांगतो. कानडीत राजवाड्याला अरमने म्हणतात, आपल्या बोलीत अरमनी. म्हणजे अरसाचे, राजाचे, मने. मराठीतही राजवाडा म्हणजे राजाचा वाडा. दोन्ही भाषांनी राजवाड्याच्या पोटात घर ठेवलेच आहे. बांधणारे पुढे ते विसरतात आणि लालबाग बांधतात. अहिल्याबाई विसरल्या नाहीत. माळव्यातल्या मराठ्यांच्या किल्ल्यांतले मला जे वेगळे वाटते ते नेमके हेच. हे लोक वाफगाव, चौंडी असल्या खेड्यांतून वर आले. घोड्यावर राज्य कमावले आणि राहायला मात्र गावाकडचे घरच बांधले, फक्त त्याला तट घातला. सह्याद्रीतला किल्ला पाहताना आपण तोफा मोजतो. इथे देवघर कुठे, स्वैपाकघर कुठे, पाणी कुठून येत असेल, असे प्रश्न पडतात. अत्तींना तर सगळे तसलेच प्रश्न पडत होते. कित्तूरला त्या लहानपणापासून वाड्याची जोती आणि भिंती बघत आल्या आहेत. राणी चन्नम्माचे स्वैपाकघर कुठे होते हे तिथले गाइड सांगत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार.

महेश्वरला घर अजून घरासारखे वाटते, कारण तिथे रोज काहीतरी घडते. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली पार्थिव पूजा आजही होते. काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शेकडो लिंगे पाटावर ओळीने मांडायची, पूजा करायची आणि नर्मदेत सोडायची. अत्ती हे बघत किती वेळ उभ्या होत्या! स्वतःचे इष्टलिंग गळ्यात बाळगणाऱ्या बाईला त्या ओल्या मातीत काय दिसले असेल, ते मी विचारले नाही. किल्ल्याच्या दुसऱ्या भागात होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी हॉटेल केले आहे. किल्ल्याचे हॉटेल झाले की नाक मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे. मी मुरडत नाही. तिथे दिवे लागतात, गळके छप्पर शाकारले जाते, गावातल्या माणसांना पगार मिळतो. पायथ्याशी माग चालतात ते वेगळेच. महेश्वरी साडीचा धंदा बसत आला होता, तेव्हा १९७९ मध्ये होळकर पती-पत्नींनी रेवा सोसायटी काढली आणि विणकर बायका पुन्हा मागावर बसल्या. घाटाच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठात येते. सौ.ने एक घेतली. अत्तींनी पदर उलटसुलट करून पाहिला, आपल्या इरकलीसारखा पदराला सांधा नाही हे हेरले आणि "छलो ऐती" एवढे प्रमाणपत्र दिले. त्यांच्याकडून एवढे मिळणे म्हणजे पुष्कळच!

धार इंदूरहून साठेक किलोमीटर. इथला लाल दगडाचा किल्ला मराठ्यांच्या पुष्कळ आधीचा, पण त्यात एक मराठी बाळंतपण अडकलेले आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादा पळापळीत असताना गरोदर आनंदीबाईंना पवारांच्या आश्रयाने या किल्ल्यात ठेवले होते. तिथल्या खरबुजा महालात, जानेवारी १७७५ मध्ये, दुसरा बाजीराव जन्मला. 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका जिच्यावर, ती बाई धारेत बाळंत झाली! महाल खरबुजाच्या फोडींसारखा फुगीर, म्हणून हे नाव. आत आज काहीही नाही, पण खिडकीतून शहर दिसते. नवरा परागंदा, भोवती परका मुलूख, आणि पोटात मूल. आनंदीबाईंबद्दल नाटकात जे काही ऐकले असेल ते असो, इथे दोन मिनिटे थांबल्यावर त्यांच्याबद्दलचे मत जरासे मऊ होते.

हाच बाजीराव जून १८१८ मध्ये असीरगडाजवळ शरण आला, तो जॉन माल्कमला. माल्कम स्कॉटिश. त्याच वर्षी आपला बेळगावचा किल्ला घेतला टॉमस मन्रोने. तोही स्कॉटिश, ग्लासगोचा. टॉवर हाउसच्या देशातून आलेल्या या मंडळींना भिंती आणि दारे चांगली कळत असावीत! डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. आणि याच माल्कमने नंतर मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिताना अहिल्याबाईंच्या कारभाराची मनापासून स्तुती केली.

धारेहून पुढे मांडू. तिथे घर नाही, तिथे आख्खे शहर आहे आणि त्यासाठी वेगळा लेख हवा. फक्त एक सांगतो. मांडूला गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आहेत, तिथले लोक त्यांना 'मांडू की इमली' म्हणतात. सावणूरला मठाच्या आवारात तसलीच तीन झाडे आहेत, त्यांना म्हणतात दोड्ड हुणसे, मोठी चिंच. आफ्रिकेतून आलेल्या एका झाडाला तीन भाषांनी स्वतंत्रपणे चिंच ठरवले!

देवासला आम्ही अर्धा दिवसच दिला. पवार बंधूंचे एकाच गावातले दोन संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोघांचे वेगळे राजवाडे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव होता, त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. पण आम्ही गेलो होतो टेकडीच्या पायथ्याच्या एका घरासाठी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये इथे कोरड्या हवेसाठी आले आणि १९९२ मध्ये इथेच गेले. जन्माची भाषा कानडी, संसाराची मराठी, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर आली ती माळवी लोकगीते. दोन राजवाड्यांच्या गावात लोक आज पत्ता विचारतात तो या घराचा. आम्ही फाटकाबाहेरूनच नमस्कार केला.

आता ज्या घरासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. मावशीचे घर जुन्या इंदुरात आहे. तिचे आजेसासरे होळकर दरबारात कारकून होते. दोन चौकांचा वाडा, रस्त्याच्या बाजूला खिडकी एकही नाही, दिंडी दरवाजा, आत देवडी. आकाराने लहान, पण हिशेब तोच, दार लावले की बाहेरचे बाहेर. माझ्या मते हीच आपली खरी टॉवर हाउसेस. पण त्यांना तिकीट नाही, पाटी नाही. रस्ता रुंदीकरणात शेजारच्या काही घरांची तोंडे कापली गेली आहेत. आतल्या खोल्यांचे निळे-हिरवे रंग उघड्यावर दिसतात. आणि मावशीचा वाडा बिल्डरला द्यायचे ठरले आहे.

मी तिला पॅट्रिक गेडिस यांची गोष्ट सांगितली. तेही स्कॉटिश. एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीतली घरे पाडायची सगळ्यांना घाई झाली असताना हा माणूस बायकोसह तिथेच बिऱ्हाड करून राहिला आणि घरे दुरुस्त करत सुटला. इंदूर राजधानी झाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या १९१८ मध्ये, गेडिस यांनी होळकर दरबारला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. त्यांचे म्हणणे, जुनी वस्ती सरसकट पाडू नका. शस्त्रवैद्य जसा रोगट तेवढाच भाग काढतो तसे एखाददुसरे घर काढा, बाकीची सुधारा. प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी दिवाळीला मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की ज्या रस्त्यांवरची घरे झाडून, डागडुजी करून चकचकीत असतील, तिथूनच ती जाईल. लोकांनी घरे साफ केली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्रचंड उंदीरही होता. स्वच्छतेचा नंबर इंदूरने तेव्हापासूनच लावून ठेवला होता म्हणा ना!

मावशीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अरे, तुझे साहेब एक दिवस मिरवणूक काढून गेले. कवेलू फिरवायला माणूस मिळत नाही मला. मागच्या पावसाळ्यात मी देवघरात तीन बादल्या लावून बसली होती. मुलगा बंगळूरला, नातवंडं इंग्लिश नि कन्नड बोलतात. तू दोन दिवस येतो, फोटो काढतो. राहतो का इथे?"

कवेलू म्हणजे आपली कौले, अत्तींच्या भाषेत हंचु. अत्तींना ते लगेच समजले. त्यांच्याही माहेरचा वाडा अशाच हंचांपायी गेला. दोघी म्हाताऱ्या मग आपापल्या भाषेत छप्पर या विषयावर बराच वेळ बोलत बसल्या. दुभाषाची गरज पडली नाही.

राजवाडा तीनदा जळून उभा राहिला, कारण तो शहराचा चेहरा आहे आणि त्याच्यासाठी घराणे, सरकार, पैसा सगळे धावून येतात. महेश्वरला पूजा आहे, माग आहे, हॉटेल आहे. मावशीच्या वाड्याला एकटी मावशी आहे, वय एकोणऐंशी. तिने विकू नये असे मी म्हणू शकलो नाही, आणि म्हणणारही नाही. पण विकायच्या आधी घराचा नकाशा काढून ठेवावा, खांब, तुळया, कोनाडे यांचे फोटो तारखेसह जपावेत, जुनी कागदपत्रे आणि मोडीतले रुमाल रद्दीत न घालता एखाद्या संग्रहाला द्यावेत, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. आमच्या लेकीने दोन दिवस टेप घेऊन आख्खा वाडा मोजला. देवडीची लांबी तीनदा मोजली, कारण भिंती सरळ नाहीत.

मावशीने बिल्डरकडे एकच मागणी केली होती. वाड्याचे मोठे दार नव्या फ्लॅटला लावून द्या. तो म्हणाला, आजी, हे दार नाही, हत्ती जाईल असा दरवाजा आहे. शेवटी तडजोड अशी की मोठ्या दारातली दिंडी तेवढी काढून फ्लॅटला बसवायची. सुताराने मापे घेतली आणि सांगितले, बसेल, पण आत येताना प्रत्येकाला वाकावे लागेल.

"वाकू देत," मावशी म्हणाली, "मी तशीही वाकलेलीच आहे." आणि करारात तेवढी एक ओळ घालून घ्यायची म्हणून वकिलांना मंगळवारी बोलावले.